९ सीट, ५,००० किलोमीटर, १,०९१ मीटर धावपट्टी: ‘सिटेशन लॅटिट्यूड’चे तिन्ही आकडे एकाच वेळी का खरे होत नाहीत?

प्रायव्हेट जेटचे रील पाहिले तर दृश्य साधारण ठरलेलं असतं. क्रीम रंगाच्या चामडी सीट, चकचकीत लाकडी टेबल, गोल खिडकी आणि खाली ढगांची गादी. सोबत स्क्रीनवर आकड्यांची पट्टी येते: इतके प्रवासी, इतका वेग, इतकी रेंज. बघणाऱ्याचा समज असा होतो की नऊ जण बसले, टाकी फुल्ल केली आणि पाच हजार किलोमीटर उडून गेले.

आकडे खोटे नसतात. पण त्यातला प्रत्येक आकडा वेगळ्या परिस्थितीत मोजलेला असतो, आणि एक वाढवला की दुसरा कमी होतो. हे समजून घ्यायला ‘सेसना सिटेशन लॅटिट्यूड’ हे अमेरिकन मिडसाइज जेट चांगलं उदाहरण आहे. त्याचे जाहीर आकडे इतके स्वच्छ जुळतात की कागद-पेन घेऊन कुणालाही हिशेब करता येतो.

मिडसाइज म्हणजे नेमकं किती?

याची कुठलीही सरकारी व्याख्या नाही. लाइट, मिडसाइज, सुपर-मिडसाइज, लार्ज हे वर्ग विक्रेत्यांनी आणि चार्टर कंपन्यांनी पाडलेले आहेत. ढोबळमानाने सात ते नऊ प्रवासी, दोन पायलट आणि चार-पाच हजार किलोमीटरचा पल्ला असेल तर त्या जेटला मिडसाइज म्हणतात.

लॅटिट्यूडची घोषणा ऑक्टोबर २०११ मध्ये लास वेगासच्या बिझनेस जेट प्रदर्शनात झाली. तेव्हा सांगितलेली किंमत होती १ कोटी ४९ लाख डॉलर आणि पल्ला सुमारे ३,७०० किलोमीटर. पुढे डिझाइन बदलत गेलं, पल्ला वाढत गेला. पहिलं उड्डाण १८ फेब्रुवारी २०१४ ला झालं आणि जून २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफएएचं प्रमाणपत्र मिळालं. विमान कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात तयार होतं. किंमतही नंतर १ कोटी ६० लाख डॉलरच्या पुढे गेली, म्हणजे आजच्या दराने सव्वाशे कोटी रुपयांच्या वर.

यात नवीन काय होतं?

उत्तर ऐकायला किरकोळ वाटेल: माणूस आत सरळ उभा राहू शकतो.

जुन्या सिटेशन जेटमध्ये मधली चालायची वाट खोलगट असायची. उभं राहायला जागा मिळावी म्हणून मधली पट्टी खाली घेतलेली आणि सीट दोन्ही बाजूंच्या उंचवट्यावर. सीटवरून उठताना पायरी उतरल्यासारखं व्हायचं, आणि अंधारात ठेच लागायची ती वेगळीच. लॅटिट्यूडसाठी सेसनाने नवा, जास्त रुंद सांगाडा बनवला. जमीन सपाट, उंची १.८३ मीटर म्हणजे बरोबर सहा फूट आणि रुंदी १.९६ मीटर. हाच सांगाडा पुढे त्यांनी ‘लॉन्जिट्यूड’ या मोठ्या जेटलाही वापरला.

केबिनची लांबी मात्र पावणेसात मीटरच्या आतच आहे. एसटी बसचं प्रवासी दालन याहून लांब असतं. समोरासमोर चार सीट, मागे दोन, पुढे दाराजवळ दोन जणांचा आडवा कोच अशी मांडणी नेहमी दिसते. मग नववा प्रवासी कुठे बसतो? अनेक मिडसाइज जेटमध्ये नववी ‘सीट’ म्हणजे स्वच्छतागृहातली पट्टा लावलेली जागा असते. जाहिरातीत ती मोजली जाते, फोटोत दिसत नाही.

आरामाची आणखी एक बाब डोळ्यांना दिसत नाही, पण शरीराला कळते. विमान उंच गेलं की आतला हवेचा दाबही कमी होतो. नेहमीच्या प्रवासी विमानांना आतला दाब ८,००० फूट उंचीइतका उतरण्याची मुभा असते. म्हणजे तुम्ही सिमल्याहून थोड्या अधिक उंचीवर काही तास बसल्यासारखं. लॅटिट्यूड ४५,००० फुटांवर उडत असताना आतला दाब ५,९५० फूट उंचीइतका राहतो. मीटरमध्ये सांगायचं तर सुमारे १,८१४ मीटर. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून थोडं वर बसल्यासारखं. लांबच्या प्रवासानंतर डोकं जड होणं, थकवा येणं यातला बराच भाग या फरकाचा असतो.

वेग: इथे मात्र अपेक्षाभंग

लॅटिट्यूडचा कमाल क्रूझ वेग ४४६ नॉट, म्हणजे ताशी ८२६ किलोमीटर. ऐकायला जबरदस्त. पण मुंबई-दिल्ली रोज उडणारं एअरबस ए३२० सुद्धा साधारण याच वेगाने जातं. कोट्यवधी रुपयांचं जेट हवेत इकॉनॉमी क्लासच्या विमानाला मागे टाकत नाही.

वेळ वाचतो तो जमिनीवर. रांग नाही, बॅगेची वाट बघणं नाही, विमान प्रवाशाच्या वेळेला निघतं. चढतंही झपाट्याने. प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची दोन पीडब्ल्यू३०६डी१ इंजिनं प्रत्येकी ५,९०७ पाउंड जोर देतात आणि विमानाचं टेकऑफचं कमाल वजन ३०,८०० पाउंड आहे. वजनाच्या मानाने हा जोर ए३२०पेक्षा जास्त पडतो. त्यामुळे ४३,००० फूट उंची २३ मिनिटांत गाठता येते असा कंपनीचा दावा आहे. नेहमीची प्रवासी विमानं साधारण ३३ ते ४० हजार फुटांच्या पट्ट्यात असतात. तो गर्दीचा पट्टा पार करून वर गेलं की थेट मार्ग मिळण्याची शक्यता वाढते.

‘हवामानाच्या वरून उडतं’ हे वाक्यही जाहिरातींत नेहमी असतं. ते बऱ्याचदा खरं आहे, पण भारतात अर्धवट. मान्सूनपूर्व आणि मान्सूनच्या वादळी ढगांचे माथे ५०,००० फुटांच्याही वर जातात. अशा ढगाला वळसाच घालावा लागतो, मग जेट कितीही महाग असो.

वेग याहून जास्त का नाही, याचं उत्तर पंखात आहे. खूप वेगवान जेटचे पंख मागे झुकलेले असतात. याच सेसनाचं ‘सिटेशन टेन’ ध्वनीच्या वेगाच्या ९० टक्क्यांहून पुढे जायचं, त्याचे पंख बाणासारखे आहेत. लॅटिट्यूडला ‘सिटेशन सॉव्हरिन’चे जवळजवळ सरळ पंख दिले आहेत आणि त्याची मर्यादा ध्वनीच्या वेगाच्या ८० टक्के आहे. सरळ पंख कमी वेगातही चांगले उचलतात. म्हणून छोट्या धावपट्टीवर चढ-उतार जमते. सेसनाने वेग सोडून धावपट्टी निवडली.

आता मुख्य हिशेब: टाकी की माणसं?

जाहीर पल्ला २,७०० सागरी मैल, म्हणजे ५,००० किलोमीटर. मुंबईहून दुबई, बँकॉक, सिंगापूर, नैरोबी या पल्ल्यात येतात. लंडन येत नाही, ते ७,००० किलोमीटरच्या पुढे आहे.

पण हा आकडा चार प्रवाशांसाठी आहे. का, ते बघा.

विमानाचं वजन, दोन पायलट आणि नेहमीचं सामान धरून: सुमारे ८,४६२ किलो.
पूर्ण भरलेलं इंधन: ५,१६८ किलो, म्हणजे साधारण ६,४०० लिटर.
धावपट्टीकडे निघताना चालणारं कमाल वजन: १४,०८४ किलो.

वजाबाकी केली की उरतात ४५४ किलो. प्रवासी, त्यांच्या बॅगा आणि त्यांचं इतर सगळं सामान या ४५४ किलोत बसवायचं. माणशी सामानासकट ९० किलो धरले तरी पाच जण. नऊ जण म्हणजे ८१० किलो, मर्यादेच्या ३५६ किलो वर.

मग काय करतात? ३५६ किलो इंधन कमी भरतात. या जेटच्या बाबतीत हे साधारण अर्ध्या तासाच्या उड्डाणाचं इंधन आहे. म्हणजे नऊ जण घेऊन मुंबई-सिंगापूर, जे सुमारे ३,९०० किलोमीटर आहे, तरीही जमतं. पण मुंबई-इस्तंबूलसारखा ४,८०० किलोमीटरचा प्रवास हातातून जातो. खरं तर तो चार जण असतानाही कठीण आहे. हिवाळ्यात पश्चिमेकडून जोराचे वारे असतात आणि ते समोरून लागतात. नकाशावरचं अंतर तेवढंच राहतं, विमानासाठी मात्र ते वाढतं.

शिवाय ५,००० किलोमीटर हा आकडा कमाल वेगाचा नाही. तो सावकाश, इंधन वाचवत उडण्याचा आहे. पट्टीवर शेजारी शेजारी छापलेले ‘८२६’ आणि ‘५,०००’ हे एकाच उड्डाणातले नसतात. कार कंपन्यांचं मायलेज आणि टॉप स्पीड जसं एकाच वेळी मिळत नाही, तसंच हे.

टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत उडायचं असंही नसतं. ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचं आणि त्यानंतरही काही वेळ हवेत राहण्याचं इंधन राखून ठेवावं लागतं. जाहीर पल्ल्यात ही राखीव सोय धरलेली असते, म्हणून तिथे हात घालायला जागा नसते.

ही मर्यादा फक्त लॅटिट्यूडची नाही. बहुतेक बिझनेस जेटमध्ये टाकी फुल्ल आणि सीट फुल्ल एकदम होत नाही. ब्राझीलच्या एम्ब्रेअरचं ‘प्रेटर ५००’ हे त्याचं थेट स्पर्धक ६,१०० किलोमीटरहून जास्त जातं, पण पूर्ण वजनाने उडायला त्याला धावपट्टी जास्त लागते. ज्याला पल्ला हवा तो तिकडे जातो, ज्याला छोटे विमानतळ हवेत तो इकडे.

धावपट्टीचे आकडे आणि जुहू

टेकऑफसाठी जाहीर आकडा १,०९१ मीटर, उतरण्यासाठी ७५६ मीटर. मुंबईतल्या जुहूची धावपट्टी १,१४३ मीटर आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते याच जुहूला. मग लॅटिट्यूड जुहूवर उतरायला काय हरकत आहे? कागदावर तर बसतं.

पण कागदावरचा दिवस मुंबईचा नसतो. टेकऑफचा आकडा समुद्रसपाटी आणि १५ अंश सेल्सियस तापमानासाठी दिलेला असतो. हवा तापली की विरळ होते. इंजिनाला जोर कमी मिळतो, आणि पंखांना तेवढंच वजन उचलायला जास्त वेग लागतो. दोन्हीमुळे धावपट्टी जास्त खर्च होते. मे महिन्यात नागपुरात ४५ अंश असताना १,०९१चा आकडा निरुपयोगी असतो. नागपूरची धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब असल्याने तिथे अडत नाही. अडतं ते छोट्या धावपट्टीवर, जिथे जायला हे जेट सोयीचं म्हणून विकलं जातं.

टेकऑफचा आकडा म्हणजे ‘चाकं कुठे उचलली’ एवढंच नसतं, हेही अनेकांना माहीत नसतं. एका ठरावीक वेगाला एक इंजिन बंद पडलं असं धरतात. त्या क्षणी ब्रेक मारून धावपट्टीतच थांबता आलं पाहिजे, किंवा उरलेल्या एका इंजिनावर ३५ फूट उंची गाठता आली पाहिजे. दोन्हींपैकी जे अंतर जास्त, ते विचारात घेतात. म्हणजे रोजच्या उड्डाणात विमान याहून लवकर हवेत जातं. उरलेले मीटर हे एका वाईट दिवसाचे असतात.

उतरण्याचा आकडा तर आणखी फसवा. ७५६ मीटर हे अंतर कोरड्या धावपट्टीवर चाचणी वैमानिकाने मिळवलेल्या कामगिरीशी जोडलेलं असतं. अमेरिका आणि युरोपात भाड्याने प्रवासी नेणाऱ्या जेटसाठी सर्वसाधारण नियम असा की हे अंतर उपलब्ध धावपट्टीच्या ६० टक्क्यांत बसलं पाहिजे. म्हणजे ७५६ भागिले ०.६ बरोबर १,२६० मीटर. धावपट्टी ओली असेल तर त्यावर आणखी १५ टक्के, झाले साधारण १,४५० मीटर. ब्रोशरमधला आकडा पावसाळ्यात जवळपास दुप्पट झाला. जुहूचा विषय तिथेच संपला. मुंबईत बिझनेस जेट सांताक्रूझच्या मुख्य विमानतळावरून उडतात, जुहूवर प्रामुख्याने हेलिकॉप्टर असतात.

या हिशेबाचा मान ठेवणं कॉकपिटमध्ये वाटतं तेवढं सोपं नाही. एअरलाइनच्या पायलटला मागच्या १८० जणांपैकी कुणी ‘जरा घाई करा’ म्हणू शकत नाही. बिझनेस जेटमध्ये मागे मालक किंवा भाडं मोजलेला पाहुणा बसलेला असतो. ऐन वेळी आणखी दोन माणसं आणि चार बॅगा येतात. अशा वेळी ‘इंधन कमी करावं लागेल, वाटेत एकदा उतरावं लागेल’ किंवा ‘आज तिथे उतरता येणार नाही’ हे ठामपणे सांगणं, हाही त्या कामाचाच भाग. लॅटिट्यूडमध्ये गार्मिनची जी५००० प्रणाली, १४ इंची तीन स्क्रीन आणि इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारं ऑटोथ्रॉटल आहे. वजन आणि धावपट्टीचा हिशेब यंत्र करून देतं. नाही म्हणण्याचं काम दोन पायलटांचंच.

मग हे घेतं कोण?

अब्जाधीश, असं उत्तर डोक्यात येतं. पण या जेटचा सर्वांत मोठा ग्राहक एक कंपनी आहे: अमेरिकेची नेटजेट्स. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने ती १९९८ मध्ये विकत घेतली. २०१२ मध्ये, विमान एकदाही उडालेलं नसताना, नेटजेट्सने लॅटिट्यूडची नोंदणी केली: २५ पक्की आणि १२५ ऐच्छिक. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी पुढच्या १५ वर्षांत लॅटिट्यूडसह सेसनाची १,५०० पर्यंत जेट घेण्याचा करार केला.

नेटजेट्स जेट तुकड्यात विकते. विमानाचा सोळावा हिस्सा घेतला की वर्षाला ५० तास उड्डाण मिळतं. स्वतःचंच विमान येईल असं नाही, त्याच जातीचं कुठलंही येतं. ही पद्धत त्यांनी १९८६ मध्ये सुरू केली. अशा कंपनीला एक-दोन विलक्षण आकडे नको असतात. तीन-चार माणसं, दोन-तीन तासांचं उड्डाण, मध्यम धावपट्टी आणि दिवसातून अनेक फेऱ्या, हे रोज बिनबोभाट करणारं यंत्र हवं असतं. लॅटिट्यूड त्यात बसतं. पाच हजार किलोमीटरचं उड्डाण त्याच्या आयुष्यात क्वचित येतं.

धुराचा हिशेब

मुंबई-दिल्ली सुमारे १,१५० किलोमीटर. या प्रवासात अशा जेटला साधारण एक ते दीड टन इंधन लागतं. एक किलो विमान इंधन जळलं की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे एका फेरीचे चार टनांच्या आसपास. चार प्रवासी असतील तर माणशी जवळपास एक टन. भरलेल्या ए३२० मध्ये हाच ढोबळ हिशेब माणशी शंभर किलोच्याही आत राहतो. वर रिकाम्या फेऱ्या असतात. पाहुण्याला दिल्लीत सोडून विमान पुढच्या पाहुण्यासाठी जयपूरला जातं, तेव्हा आत फक्त दोन पायलट असतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासाने जगभरातल्या खासगी विमानांच्या फेऱ्या मोजल्या. २०२३ मध्ये त्यांचं उत्सर्जन १ कोटी ५६ लाख टन कार्बन डायऑक्साइड होतं, २०१९ च्या तुलनेत ४६ टक्के जास्त. जवळपास निम्म्या फेऱ्या ५०० किलोमीटरहून कमी अंतराच्या होत्या. पाच हजार किलोमीटर जाणारी यंत्रं बऱ्याचदा मुंबई-नागपूरपेक्षाही कमी अंतरासाठी सुरू होतात.

भाड्याने घेताना

लग्नाची वरात, तातडीचा रुग्ण किंवा कंपनीची बैठक यासाठी चार्टर घेणारे आता फक्त उद्योगपती राहिलेले नाहीत. भारतात नोंदलेल्या प्रत्येक विमानावर ‘व्हीटी’ने सुरू होणारी अक्षरं असतात. पण ती दिसली म्हणजे ते भाड्याने देता येतं असं नाही. खासगी वापरासाठी नोंदलेल्या विमानातून पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. त्यासाठी कंपनीकडे डीजीसीएचा नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परवाना लागतो, आणि तो दाखवायला सांगण्यात काही गैर नाही.

दुसरा प्रश्न वजनाचा. ‘विमानात किती जण बसतात?’ असं विचारलं तर ब्रोशरमधला आकडा सांगितला जाईल. ‘आमचे आठ जण, इतक्या बॅगा, या तारखेला, या धावपट्टीवरून, मध्ये न थांबता जमेल का?’ असं विचारलं तर ऑपरेटरला हिशेब करून उत्तर द्यावं लागतं. तो लगेच ‘हो’ म्हणाला नाही आणि पायलटशी बोलून कळवतो म्हणाला, तर ते चांगलं लक्षण आहे.